एकच प्रश्न, बारा वेळा : पॅक्समन-हॉवर्ड मुलाखतीचं प्रकरण

नवी मुलं न्यूजरूममध्ये दाखल झाली की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक जुनी क्लिप दाखवतो. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या बातम्यांच्या कार्यक्रमातली, १३ मे १९९७ च्या रात्रीची. टेबलाच्या एका बाजूला मुलाखतकार जेरेमी पॅक्समन, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड. पॅक्समन एक प्रश्न विचारतात. हॉवर्ड भलत्याच गोष्टीचं उत्तर देतात. पॅक्समन तोच प्रश्न पुन्हा विचारतात. असं बारा वेळा. (शब्द थोडे बदलून विचारलेले प्रश्नही धरले तर आकडा वाढतो आणि त्यावर हुज्जत घालणारेही आहेत. मी बारा धरतो.) चौथ्या-पाचव्या वेळेला मुलं हसायला लागतात, आठव्याला कुणीतरी टाळी देतं. क्लिप संपते तेव्हा बहुतेकांनी ठरवून टाकलेलं असतं की मुलाखत घ्यायची तर अशी, समोरच्याला सोडायचंच नाही.

मग मी त्यांना सांगतो की तुम्ही शेवट पाहिलात, आता सुरुवात बघा. सुरुवात सव्वादोन वर्षं आधीची आहे आणि ती एका तुरुंगातली आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या पार्कहर्स्ट तुरुंगातून ३ जानेवारी १९९५ ला तीन कैदी पळाले. कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग म्हणून त्याचा लौकिक होता, आणि या तिघांनी आतल्याच कार्यशाळेत चावीची नक्कल आणि शिडी तयार केली होती. बेट सोडून जाणं त्यांना जमलं नाही, काही दिवसांतच पुन्हा पकडले गेले. पण बोभाटा व्हायचा तो झाला. जेमतेम चार महिन्यांपूर्वी व्हाइटमूर तुरुंगातूनही कैदी निसटले होते. गृहमंत्री होते हॉवर्ड, ‘तुरुंगवासाचा उपयोग होतो’ ही त्यांची जाहीर घोषणा. ती घोषणा देणाऱ्या मंत्र्याच्या तुरुंगातून लोक शिडी लावून बाहेर पडत होते.

दोष कुणाचा, हे ठरवणं त्या काळच्या व्यवस्थेत सोपं नव्हतं. १९९३ पासून ब्रिटनची तुरुंगसेवा स्वतंत्र एजन्सीसारखी चालत होती. धोरण मंत्र्याचं, रोजचा कारभार महासंचालकाचा, अशी वाटणी कागदावर होती. महासंचालक डेरेक लुइस सरकारी नोकरीत वाढलेले नव्हते, खासगी क्षेत्रातून आणलेले होते. गंमत म्हणजे ते आधी ग्रॅनाडा या टीव्हीच्या धंद्यातल्या बड्या कंपनीचे मुख्य कार्यकारी होते. तुरुंगाचा कारभारी टीव्हीवाला आणि मंत्र्याला पुढे अडचणीत आणणारं माध्यमही टीव्हीच, हा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही.

१० जानेवारी १९९५ ला हॉवर्ड आणि लुइस यांची बैठक झाली. विषय पार्कहर्स्टचे गव्हर्नर, म्हणजे तुरुंगाधिकारी, जॉन मॅरिअट यांचं काय करायचं. लुइस यांचं म्हणणं, त्यांना तिथून हलवू. हॉवर्ड यांना निलंबन हवं होतं. शेवटी मॅरिअट यांना हलवलं गेलं, निलंबित केलं नाही. इथवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. पण त्या खोलीत, ते ठरण्याआधी, गृहमंत्री काय बोलले? लुइस म्हणत, मंत्र्यांनी मला डावलून निर्णय घेण्याची धमकी दिली. हे खरं असेल तर मंत्री रोजच्या कारभारात हात घालत होते, आणि मग कैदी पळाल्याचं खापर एकट्या महासंचालकावर फोडता येत नव्हतं. पुढे तुरुंगांच्या सुरक्षेबद्दलचा लर्मंट यांचा चौकशी अहवाल ऑक्टोबर १९९५ मध्ये आला आणि त्याच दिवशी हॉवर्ड यांनी लुइस यांना काढून टाकलं. संसदेत रणकंदन झालं, हॉवर्ड यांनी तिथे सविस्तर निवेदन केलं आणि ते तरून गेले. लुइस कोर्टात गेले, सरकारला त्यांना भरपाई द्यावी लागली. प्रकरण जुनं झालं.

ते उकरून काढलं हॉवर्ड यांच्याच एका माजी सहकारी मंत्र्याने. १ मे १९९७ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचा धुव्वा उडाला. मजूर पक्षाला ४१८ जागा, यांना १६५. पंतप्रधान जॉन मेजर पायउतार झाले आणि नेतेपदाची शर्यत लागली: केनेथ क्लार्क, विल्यम हेग, जॉन रेडवुड, पीटर लिली आणि हॉवर्ड. हॉवर्ड यांच्या हाताखाली तुरुंग खातं सांभाळलेल्या अ‍ॅन विडकम यांनी नेमकी हीच वेळ साधली. हॉवर्ड यांच्याबद्दल बोलताना ‘या माणसात रात्रीचं काहीतरी आहे’, म्हणजे काहीतरी काळोखं आहे, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य बाहेर आलं आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. लुइस यांच्यावर अन्याय झाला, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे ‘न्यूजनाइट’मध्ये हॉवर्ड आले तेव्हा दोन वर्षांपूर्वीची ती बैठक पुन्हा ताजी बातमी झाली होती.

आणि त्या रात्री ऐकणारे कोण होते? मुलं हा भाग हमखास विसरतात. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पक्षाचा नेता निवडण्याचं मत फक्त हुजूर खासदारांना होतं. म्हणजे हॉवर्ड यांचे मतदार दीडशेच्या वर थोडे, त्यातल्या बहुतेकांनी १९९५ ची ती चर्चा सभागृहात बसून ऐकलेली. ‘मी सभागृहात काय सांगितलं’ आणि ‘खरं काय झालं’ यांत फट आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. सभागृहाची दिशाभूल हा तिथे मंत्र्याचा सर्वांत मोठा गुन्हा मानला जातो.

आता ती मिनिटं. पॅक्समन यांनी आधी संदर्भ दिला, बैठकीची तारीख सांगितली, संसदेतल्या निवेदनाचा हवाला दिला, लुइस यांचा दावा वाचून दाखवला, लुइस खोटं बोलताहेत का असं विचारलं. हॉवर्ड म्हणाले, लुइस यांना आदेश देण्याचा मला अधिकार नव्हता आणि मी आदेश दिला नाही. तिथून पुढे ते असं झालं (भाषांतर माझं, आणि मधली काही वळणं गाळली आहेत):

“तुम्ही त्यांना डावलण्याची धमकी दिली होती का?”

“खरी गोष्ट अशी की मॅरिअट यांना निलंबित केलं गेलं नाही. मी...”

“तुम्ही त्यांना डावलण्याची धमकी दिली होती का?”

“मी डेरेक लुइस यांना डावललं नाही.”

“तुम्ही त्यांना डावलण्याची धमकी दिली होती का?”

“मला काय करता येईल आणि काय करता येणार नाही, याबद्दल मी सल्ला घेतला...”

“तुम्ही त्यांना डावलण्याची धमकी दिली होती का, मिस्टर हॉवर्ड?”

“...आणि त्या सल्ल्याबरहुकूम काटेकोरपणे वागलो.”

मधे एकदा पॅक्समन थांबतात आणि म्हणतात, माफ करा, मी आता भयंकर उद्धटपणा करणार आहे, पण हा सरळ हो किंवा नाही असा प्रश्न आहे. हॉवर्ड म्हणतात, तुम्ही प्रश्न विचारा, मी उत्तर देतो. पुन्हा तोच प्रश्न. आणि मग सर्वांत लांब उत्तर येतं. मी लुइस यांच्याशी चर्चा केली, माझं मत सांगितलं, कडक भाषेत सांगितलं, पण आदेश दिला नाही, कारण आदेश देण्याचा मला अधिकारच नव्हता.

कागद-पेन घेऊन क्रियापदं लिहून काढा, असं मी मुलांना सांगतो. आदेश दिला नाही. डावललं नाही. निलंबित केलं नाही. सल्ला घेतला. मत सांगितलं. प्रश्नात क्रियापद होतं धमकी देण्याचं, आणि या भागात हॉवर्ड त्या शब्दाला शिवतच नाहीत. हॉवर्ड पेशाने वकील, तेही नामांकित. त्यांचं प्रत्येक वाक्य सुटं काढून तपासलं तर ते टिकतं. खोटं म्हणून बोट ठेवायला जागा नाही. कोर्टात अशी उत्तरं सफाईदार ठरली असती. पण टीव्हीवर प्रेक्षक उत्तराच्या अचूकतेपेक्षा त्यातलं भोक आधी ऐकतो. आणि दर वेळी तोच प्रश्न शेजारी ठेवल्यामुळे ते भोक मोठं होत गेलं. एकदाच विचारून पॅक्समन पुढे गेले असते तर ‘मी त्यांना डावललं नाही’ हे वाक्य दहातल्या नऊ जणांना ‘नाही’ असंच ऐकू आलं असतं. मलाही.

चेहऱ्याकडेही बघा. हॉवर्ड चिडत नाहीत. आवाज चढत नाही, उठून जात नाहीत, ओठांवर एक बारीकसं हसू ठेवून असतात. १९८२ मध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट हे मुलाखतकार रॉबिन डे यांच्या एका शेऱ्यावर मायक्रोफोन काढून चालते झाले होते. हॉवर्ड यांनी तसं केलं असतं तर बातमी त्यांच्या रागाची झाली असती आणि प्रश्न मागे पडला असता. ते शांत राहिले, म्हणून प्रश्न तिथेच राहिला.

सगळ्यांत रंजक तपशील पडद्यामागचा आहे. पॅक्समन यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या कानात निर्माता बोलत होता. पुढची टेप तयार नाही, तू चालू ठेव. आणि दुसरा काही प्रश्न सुचेना. म्हणून तोच विचारत राहिलो.

ज्याने कधी पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रम जिथून चालवतात त्या नियंत्रण कक्षात, रात्र काढली आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. रनडाऊनवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रकावर, पुढची तयार बातमीफीत दिसत असते, एडिट बे मधून ‘दोन मिनिटं’ असं तिसऱ्यांदा ऐकू येतं, आणि मग टॉकबॅकचं बटण दाबून अँकरच्या कानात एकच शब्द जातो: खेच. मी स्वतः तो शब्द किती वेळा उच्चारला असेल, हिशोब नाही. बहुतेक अँकर अशा वेळी ‘मला सांगा, एकूण परिस्थिती कशी आहे?’ असला पसरट प्रश्न टाकतात आणि पाहुणा आनंदाने तीन मिनिटं खातो. पॅक्समन यांनी वेळ भरायला पसरट प्रश्न घेतला नाही, हातात असलेला सर्वांत अरुंद प्रश्न घेतला. योगायोग टेपचा होता, निवड त्यांची होती. आणि तो अरुंद प्रश्न हाताशी होता, कारण कुणीतरी आधी बसून बैठकीची तारीख, निवेदनातली वाक्यं आणि लुइस यांचा दावा शेजारी-शेजारी मांडून ठेवला होता. त्या कष्टाची क्लिप कुणाकडे नाही.

या मुलाखतीतून माहिती किती मिळाली? शून्य. धमकी दिली की नाही, हे मुलाखत संपल्यावरही कुणाला कळलं नाही. म्हणून काही जण तिला निव्वळ तमाशा म्हणतात. मी तेवढं कडक बोलणार नाही. उत्तर मिळालं नाही, पण ‘हा माणूस उत्तर देणार नाही’ ही गोष्ट सिद्ध झाली आणि त्या आठवड्यात ती बातमीच होती. तरीही माझी एक तक्रार आहे. मुद्दा फक्त हो-नाहीचा नव्हता. आदेश देण्याचा अधिकार नाही आणि तरी ‘कडक भाषेत’ मत दिलं, असं गृहमंत्री जेव्हा महासंचालकासमोर बोलतो, तेव्हा ते मत असतं की दट्ट्या? शेवटच्या लांब उत्तरात हॉवर्ड यांनी ती कडी स्वतःच उघडली होती. ‘कडक भाषा म्हणजे नेमके कोणते शब्द?’ एवढं विचारलं असतं तर कदाचित काहीतरी हाती लागलं असतं. पॅक्समन मात्र ‘तुम्ही प्रश्नाचं उत्तर देत नाही आहात’ यावरच परत आले. लयीत सापडलेला माणूस लय सोडत नाही.

१० जून १९९७ ला पहिल्या फेरीचं मतदान झालं. क्लार्क ४९, हेग ४१, रेडवुड २७, लिली २४, हॉवर्ड २३. म्हणजे पाचांत शेवटचे. मुलाखतीमुळेच हे झालं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी ते पैजेवर सांगणार नाही. विडकम यांचं वाक्य होतं, त्यांनी पुढे संसदेत केलेलं भाषण होतं, हॉवर्ड यांच्या कारकिर्दीची एकूण छाया होती. लिली यांना कुणी बारा वेळा काही विचारलं नव्हतं, त्यांनाही एकच मत जास्त पडलं. पॅक्समन यांना मात्र या मुलाखतीसाठी रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा पुरस्कार मिळाला आणि त्या दीड-दोन मिनिटांनी जगभरच्या अँकर मंडळींना एक वाईट सवय लावली.

ती सवय कशी वाया जाते, हे दाखवायला लांब जावं लागत नाही. तोच कार्यक्रम, तेच पॅक्समन, जून २०१२. इंधनावरची करवाढ पुढे ढकलण्याचा निर्णय अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी अचानक जाहीर केला आणि टीव्हीवर बचावाला पाठवलं खात्यातल्या कनिष्ठ मंत्री क्लोई स्मिथ यांना. वय तीस. पॅक्समन यांनी लावून धरलं: तुम्हाला हे कधी कळलं? स्मिथ चर्चा, प्रक्रिया, धोरण असं काहीबाही बोलत राहिल्या. पॅक्समन यांनी हा काही विनोद आहे का, असं विचारलं, स्वतःला कधी अकार्यक्षम वाटतं का, असंही विचारलं. क्लिप गाजली. पण ती पाहताना मला अस्वस्थ व्हायला होतं. हॉवर्ड यांना जे विचारलं ते त्यांनी स्वतः, बंद खोलीत, केलेल्या कृतीबद्दल होतं. उत्तर त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं आणि ते समोरच बसले होते. स्मिथ यांना जे विचारलं ते त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना किती किंमत दिली याबद्दल होतं. त्या उत्तर देत नव्हत्या हे खरं, पण उत्तर द्यायला हवं होतं ते ऑसबोर्न यांनी, आणि ते स्टुडिओत नव्हते. लोकांची सहानुभूती पाहुणीकडे गेली, स्वतःच्याच पक्षातल्या काहींनी ऑसबोर्न यांना धारेवर धरलं.

राजकारणीही काही शिकले, फक्त उलट्या बाजूने. ३० जून २०११ ला ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा संप होता. मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी एकाच वार्ताहराला सगळ्या वाहिन्यांसाठी मिळून मुलाखत दिली. प्रश्न वेगवेगळे आले, उत्तर प्रत्येक वेळी तेच: वाटाघाटी सुरू असताना संप चुकीचा, दोन्ही बाजूंनी भाषणबाजी सोडून चर्चेला बसावं, सरकार बेपर्वाईने वागलं. शब्दही जवळपास तेच, फक्त क्रम इकडेतिकडे. हिशोब सरळ होता. बातमीत बोलण्याचा एकच छोटा तुकडा, म्हणजे बाइट, लागणार, मग कुठलाही कापला तरी आपलाच शब्द जावा. वाहिनीने पंधरा सेकंद कापून लावायचे असते तर कुणाला काही कळलंही नसतं. पण पूर्ण फूटेज बाहेर आलं आणि मिलिबँड यंत्रासारखे दिसले. हॉवर्ड प्रकरणात प्रश्न न बदलता उत्तरं बदलत होती, इथे उत्तर न बदलता प्रश्न बदलत होते. मी दोन्ही क्लिप पाठोपाठ दाखवतो. दुसरीला मुलं जास्त हसतात.

हे जमवण्याची आणखी एक पद्धत ब्रिटनमध्येच होती, आणि ती माझ्या मते वरचढ आहे. ब्रायन वॉल्डन हे आधी मजूर पक्षाचे खासदार, मग लंडन वीकेंड टेलिव्हिजनचे मुलाखतकार. त्यांच्या चमूत मुलाखतीचा नकाशा आधी काढत: पाहुणा ‘हो’ म्हणाला तर इकडे, ‘नाही’ म्हणाला तर तिकडे, टाळलं तर ही तिसरी वाट. ऑक्टोबर १९८९ मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी राजीनामा दिला आणि तीनच दिवसांनी मार्गारेट थॅचर वॉल्डन यांच्यासमोर बसल्या. वॉल्डन यांचा मुद्दाही एकच होता: सल्लागार अ‍ॅलन वॉल्टर्स यांना काढलं असतं तर लॉसन राहिले असते, हे तुम्ही नाकारता का? त्यांनीही तो पुन्हा पुन्हा विचारला. पण प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरातला एखादा धागा हातात घेऊन. थॅचर शेवटी ‘मला माहीत नाही’वर येऊन अडकल्या, आणि पंतप्रधानांचं ते ‘माहीत नाही’ फार बोलकं होतं. ही मुलाखत दाखवायला पाऊण तास लागतो. मुलं दहाव्या मिनिटाला फोन काढतात.

हॉवर्ड पुढे संपले नाहीत. नोव्हेंबर २००३ मध्ये ते पक्षाचे नेते झाले, तेही बिनविरोध. त्यानंतरच्या वर्षी पॅक्समन यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि अर्थातच तोच प्रश्न पुन्हा टाकला. हॉवर्ड हसले, पुन्हा तेच काढताय का म्हणाले, आणि मग सांगून टाकलं: नाही, खरं तर मी तसं केलं नव्हतं, झालं समाधान? सात वर्षांनी, एका दमात. लुइस यांचं म्हणणं अर्थात वेगळं होतं, आणि त्या खोलीतलं ते पान पुन्हा उलटवून बघण्याचा ना प्रेक्षकांना उत्साह होता ना पॅक्समन यांना.

गेल्या बॅचमध्ये क्लिप संपली, हशा ओसरला, आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, “सर, पण मॅरिअट यांचं पुढे काय झालं?” इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, शोध आणि पुढच्या तासाला घेऊन ये.